सापाच्या व्हेंटमधून अंग बाहेर आलं तर: पहिला तास, उपचार आणि नंतरची काळजी

सापाच्या पोटाच्या बाजूला, शेपूट जिथे सुरू होते तिथे एक आडवी फट असते. विष्ठा, युरेट (सापाची पांढरट, घट्ट लघवी), अंडी, पिल्लं, नराची जननेंद्रियं, सगळं या एकाच वाटेने बाहेर येतं. साप पाळणारे तिला व्हेंट म्हणतात आणि तिच्या आतल्या कप्प्याला क्लोएका. या फटीतून लालसर, ओलं मांस बाहेर येऊन तिथेच अडकून राहिलं की तो प्रोलॅप्स.

ते दिसल्यावर हात आपोआप पुढे जातो, बोटाने आत ढकलायला. त्याआधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. बाहेर आलेलं मांस ओलं असेल तोवरच जगतं, म्हणून आधी ओलावा आणि मग बाकी सगळं. दुसरं, मांस आत गेलं की साप बरा झाला असं समजू नका. निरोगी साप उगाच कुंथत नाही. तो कशामुळे कुंथला हे सापडलं नाही, तर आज आत गेलेलं अंग पुढच्या विष्ठेबरोबर पुन्हा बाहेर येतं आणि दर खेपेला ते वाचवणं अवघड होत जातं.

पुढची माहिती बिनविषारी पाळीव सापांसाठी आहे: कॉर्न स्नेक, किंग स्नेक, बॉल पायथन, बोआ वगैरे. साप विषारी असेल तर घरी व्हेंटजवळ हात नेऊच नका. ओले टिश्यू अंथरलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीतून त्याला थेट सरीसृपांच्या तज्ज्ञाकडे न्या.

आधी खात्री करा: हा खरंच प्रोलॅप्स आहे का?

विष्ठा टाकताना क्लोएकाची आतली कड क्षणभर बाहेर डोकावते आणि आत जाते. नर साप विष्ठेच्या वेळी, घाबरल्यावर किंवा प्रजननाच्या हंगामात एखादा हेमिपेनिस (नराच्या दोन जननेंद्रियांपैकी एक) बाहेर काढतात आणि काही मिनिटांत आत घेतात. नराच्या व्हेंटमधून कधीकधी पिवळट, मेणचट, लांबट तुकडा पडतो. तो वाळलेल्या वीर्याचा आणि झडलेल्या पेशींचा खडा असतो, अवयव नसतो.

म्हणून अंग नुकतंच बाहेर आलं असेल, गुलाबी आणि ओलं असेल आणि साप शांत असेल, तर त्याला स्वच्छ ओल्या टिश्यूवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं फक्त बघा. हाताळू नका. तेवढ्या वेळात ते आपणहून आत गेलं तर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या दोन-तीन विष्ठांवर नीट नजर ठेवा. गेलं नाही तर पुढच्या पायऱ्या सुरू करा. ते कधी बाहेर आलं हे माहीतच नसेल, म्हणजे सकाळी टाकी (साप ठेवायची पेटी) उघडली आणि दिसलं, तर वाट पाहू नका.

काय बाहेर आलंय ते ओळखा

सापाला मूत्राशय नसतं. त्यामुळे सरडे आणि कासवांमध्ये दिसणारा मूत्राशयाचा प्रोलॅप्स इथे संभवत नाही. उरतात चार शक्यता. कोणती आहे यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. चांगला प्रकाश घ्या, मोबाइलने जवळून दोन-तीन फोटो काढा आणि मग नीट बघा.

हेमिपेनिस फक्त नरात असतात. ते दोन असतात आणि व्हेंटच्या मागे, शेपटीच्या मुळात दोन बाजूंना बसलेले असतात. त्यामुळे बाहेर आलेला अवयव फटीच्या मधोमध न दिसता एका कडेला आणि शेपटीच्या अंगाने दिसतो. तो भरीव असतो, त्याच्या टोकाला पोकळ नळीचं तोंड नसतं. पृष्ठभागावर घड्या किंवा बारीक काटेरी उंचवटे असतात आणि काही जातींत टोक दुभागलेलं असतं. विक्रेत्याने ‘मादी’ म्हणून दिलेला साप नर निघणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून ‘माझी तर मादी आहे’ एवढ्यावर ही शक्यता सोडू नका.

क्लोएकाचं स्वतःचं अस्तर बाहेर आलं असेल, तर फटीच्या मध्यभागी गुळगुळीत, गोलसर, फुगीर कडं दिसतं. ते सहसा लहान असतं.

मोठं आतडं बाहेर आलं असेल तर ती नळी असते. टोकाला छिद्र असतं, त्यातून विष्ठा किंवा शेंबडासारखा चिकट स्राव येताना दिसू शकतो आणि पृष्ठभाग बऱ्यापैकी गुळगुळीत असतो. हा सगळ्यात गंभीर प्रकार.

अंडनलिकाही नळीच असते, पण तिची भिंत पातळ असते आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने घड्या दिसतात. तिच्यातून विष्ठा येत नाही. मादीने नुकतीच अंडी किंवा पिल्लं दिली असतील, किंवा देण्याच्या बेतात असेल, तर आधी हाच संशय घ्यावा.

आता रंग. जिवंत मांस गुलाबी ते लाल, ओलं आणि चकचकीत असतं. ओल्या कापसाच्या काडीने हलकेच दाबून सोडलं की दाबलेली जागा फिकी पडते आणि काही सेकंदांत पुन्हा लाल होते. रक्तपुरवठा कोंडला की रंग गडद लाल होतो, मग जांभळा. वाळायला लागलं की चमक जाते, पृष्ठभाग चामड्यासारखा होतो, तपकिरी पडतो आणि शेवटी काळा. जांभळ्यापर्यंतचं मांस पुष्कळदा वाचतं. काळं, कोरडं, वास मारणारं मांस मेलेलं असतं. ते आत ढकललं तर जंतुसंसर्ग थेट शरीराच्या आत नेला असं होतं.

पहिला तास

साहित्य हाताशी असू द्या: सलाइनची बाटली, सुई काढलेली 10 किंवा 20 मिलीची सिरिंज, गॉज, कापसाच्या काड्या, पाण्यात विरघळणारी निर्जंतुक ल्युब्रिकंट जेली, साखर, हातमोजे, साधे पांढरे टिश्यू आणि झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा डबा. साप पाळणाऱ्याच्या घरात हे आधीपासून असावं, कारण हे शोधण्यात जाणारा वेळ मांस वाळण्यात जातो.

1. साप वेगळा करा. टाकीत दुसरा साप असेल तर लगेच. भुसा, नारळाचा भुगा, लाकडाचे तुकडे यांवरून उचलून ओल्या टिश्यूवर ठेवा. उचलताना शरीराला दोन-तीन ठिकाणी आधार द्या. शेपटीला धरून लोंबकळू देऊ नका आणि पोट आवळू नका, दोन्हींमुळे आतला दाब वाढतो. एकाने डोक्याकडचा भाग सांभाळायचा, दुसऱ्याने व्हेंटकडे बघायचं. एकट्याने दोन्ही जमत नाही.

2. धुवा. औषधाच्या दुकानातलं 0.9 टक्क्यांचं सलाइन सर्वांत चांगलं. नसेल तर उकळून गार केलेल्या 500 मिली पाण्यात 4.5 ग्रॅम साधं मीठ घाला, म्हणजे साधारण पाऊण सपाट चहाचा चमचा. तापमान 28 ते 30 अंश सेल्सिअस हवं. हे पाणी माणसाच्या मनगटाला किंचित गार लागतं. आपल्याला छान कोमट लागणारं पाणी सापाच्या उघड्या मांसाला गरम असतं. सिरिंजने मंद धार सोडून चिकटलेला कचरा वाहून जाऊ द्या. एखादा भुशाचा तुकडा निघत नसेल तर सलाइनमध्ये भिजलेला गॉज पाच मिनिटं त्यावर ठेवा आणि पुन्हा धार सोडा. चिमट्याने ओढू नका. सुजलेलं अस्तर सहज फाटतं.

3. डॉक्टरांना आत्ताच फोन करा. सूज उतरण्याची वाट बघत बसायचं आणि मग फोन करायचा, असं नको. फोनवर आधी विचारा की ते सापांवर उपचार करतात का. ओळखण्यासाठी काढलेले फोटो लगेच पाठवा.

4. सूज उतरवा. 100 मिली कोमट पाण्यात 150 ग्रॅम साखर विरघळवा, दाट पाक होईल. त्यात गॉज भिजवून बाहेर आलेल्या भागाभोवती सैल ठेवा, 15 ते 20 मिनिटं. पाक मांसातलं जास्तीचं पाणी ओढून घेतो, त्यामुळे फुगलेला गोळा पुष्कळदा डोळ्यांदेखत लहान होतो. गॉज वाळू लागला तर पुन्हा पाकात भिजवा. वेळ झाली की सलाइनने पाक पूर्ण धुऊन टाका. मांस फाटलं असेल, रक्त वाहत असेल किंवा काळं पडलं असेल तर ही पायरी वगळा, फक्त सलाइनचा ओला गॉज ठेवा. अख्खा साप साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवायची गरज नाही. तो ते पाणी पितो आणि धडपडतो.

5. आत घालायचं की नाही, ते ठरवा. घरी प्रयत्न करावा अशी परिस्थिती एकच: अंग ताजं, गुलाबी-लाल, न फाटलेलं, लहान आहे आणि ते हेमिपेनिस किंवा क्लोएकाच्या अस्तराची छोटी कड आहे. आतडं किंवा अंडनलिका असेल तर नको. आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं किंवा वर अंडं अडकलेलं असू शकतं. बाहेरचं टोक आत लोटल्याने ते तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं.

6. प्रयत्न करायचाच तर असा करा. जेली भरपूर लावा. कापसाची काडी पूर्ण भिजवून तिच्यावरही जेली लावा, कारण कोरडी काडी अस्तराला चिकटते. हेमिपेनिस बाहेर येताना उलटा होऊन येतो, म्हणून तो टोकाकडून आत वळवत, शेपटीच्या दिशेने न्यायचा असतो. क्लोएकाची कड मध्यभागाकडे आणि डोक्याच्या दिशेने. दाब अगदी हलका पण सतत हवा, टोचून टोचून नको. सापाने जोर लावला की थांबा, सैल पडला की पुढे जा. जास्तीत जास्त दहा मिनिटं. तेवढ्यात नाही गेलं तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, प्रत्येक प्रयत्नाने सूज वाढते.

7. गेलं किंवा नाही गेलं, साप ओल्या टिश्यूच्या डब्यातच राहील. अंग बाहेर असेल तर त्यावर जेलीचा जाड थर द्या. काही जण ओला गॉज लावून वर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळतात. साप त्यातून पाच मिनिटांत सरकून बाहेर येतो किंवा गुंडाळी घट्ट होते. तळाला चार-पाच थर ओले टिश्यू आणि दर अर्ध्या तासाला सलाइनचा शिडकावा, हे जास्त भरवशाचं. डबा 25 ते 28 अंशांत ठेवा. प्रवासात गरम पाण्याची पिशवी द्यायची असेल तर ती टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेर, एका बाजूला ठेवा.

मांस आत गेलं तरी 24 तासांत डॉक्टरांना दाखवायचं. आतडं किंवा अंडनलिका असेल, रंग जांभळा किंवा काळा असेल, रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर.

हे मात्र करू नका. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, न पातळ केलेलं आयोडीन, हळद, राख यातलं काहीही उघड्या अस्तरावर लावू नका. माणसांसाठीची वेदनाशामक किंवा सुन्न करणारी मलमं नकोत. दोरा बांधू नका, कापू नका. खायला देऊ नका. विष्ठा जितकी कमी बनेल तितकं चांगलं. सगळं झाल्यावर हात साबणाने धुवा आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं आणि तिथे काय होतं

कागदावर लिहून न्या: जात, वय, आजचं वजन, शेवटचं भक्ष्य कधी दिलं आणि केवढं, शेवटची विष्ठा कधी झाली आणि कशी होती, शेवटची कात कधी टाकली, टाकीच्या गरम आणि थंड बाजूचं तापमान, गेल्या दोन महिन्यांत मिलन झालं का, लिंग तपासण्यासाठी कोणी व्हेंटमधून प्रोब (बारीक सळई) घातला होता का. ताजी विष्ठा मिळाली तर छोट्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, 24 तासांच्या आतली न्या. मायक्रोस्कोपखाली जंत आणि अमिबा शोधायचे तर वाळलेल्या नमुन्यात काही दिसत नाही.

तिथे सापाला बहुतेक वेळा गुंगी किंवा भूल दिली जाते. जागा साप कुंथत राहतो आणि अंग टिकत नाही. साफ करून, सूज उतरवून अंग आत नेलं की व्हेंटच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक टाका घालतात. मधली जागा मोकळी राहते, तिथून युरेट आणि पातळ विष्ठा बाहेर पडू शकते. पूर्ण फटीभोवती फिरवून आवळलेला टाका सापाच्या आडव्या व्हेंटला बरा नाही, कारण त्याने वाटच बंद होऊ शकते. टाके घातल्यावर मधून किती जागा उरली आहे हे डॉक्टरांना विचारा आणि स्वतः बघून घ्या.

एक्स-रे किंवा सोनोग्राफीशिवाय साप परत आणू नका. अडकलेलं अंडं, खड्यासारखा झालेला युरेट, आतड्यातला अडथळा, वाढलेली किडनी, गाठ, यातलं काहीही बाहेरून कळत नाही.

मांस मेलेलं असेल तर पुढचा मार्ग अवयवावर अवलंबून. हेमिपेनिसमधून लघवी जात नाही, त्याचं काम फक्त प्रजननाचं. त्यामुळे तो मुळाशी बांधून कापता येतो आणि उरलेल्या दुसऱ्यावर नर पुढे प्रजननही करू शकतो. हा निकाल ऐकून मालक खचतात, पण प्रोलॅप्समधला हा बराच सुसह्य शेवट आहे. अंडनलिका मेली असेल तर पोट उघडून ती आणि त्याच बाजूचा अंडाशय काढतात. आतड्याचा मेलेला भाग कापून टोकं जोडणं शक्य असतं, पण साप वाचण्याची खात्री कमी. किती लांबीचं आतडं गेलं आहे, वेदना किती आहेत, हे स्पष्ट विचारा. शांतपणे मरण देण्याचा पर्याय डॉक्टरांनी मांडला तर तो ऐकून घेण्याइतकी मनाची तयारी असावी.

अँटिबायोटिक घरी आणून टोचू नका. सापांमध्ये डोस दर किलोला मोजतात आणि दोन डोसांमधलं अंतर पुष्कळदा दिवसांत असतं, तासांत नाही. शिवाय इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागातच देतात, कारण मागच्या भागातलं रक्त किडनीच्या वाटेने जातं. काही औषधं त्या वाटेने किडनीला इजा करू शकतात आणि तहानलेल्या सापात हा धोका आणखी वाढतो.

साप कुंथला का?

घरी सुधारता येण्यासारखं बहुतेक सगळं इथेच आहे.

सर्वांत जास्त वेळा दोष निघतो तो तापमानाचा आणि पाण्याचा. गरम बाजू पुरेशी गरम नसली की पचन मंदावतं. विष्ठा मोठ्या आतड्यात पडून राहते, शरीर तिच्यातलं पाणी शोषत राहतं आणि शेवटी उरतो कोरडा, कडक दांडा. कॉर्न स्नेकला गरम बाजूला 28 ते 30 अंश लागतात, बॉल पायथन आणि बोआला 31 ते 33. थंड बाजू कॉर्नसाठी 22 ते 24, बॉल पायथनसाठी 25 ते 27. काचेवर चिकटवायचे गोल काटेवाले थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवतात. साप बसतो त्या जागी डिजिटल थर्मामीटरचा प्रोब ठेवा आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच. आर्द्रता बॉल पायथनसाठी 55 ते 70 टक्के, कॉर्नसाठी 40 ते 60. युरेट मऊ आणि पांढरट असावा. पिवळा, खडूसारखा टणक युरेट म्हणजे सापाला पाणी कमी पडतंय.

बद्धकोष्ठ आहे का हे नुसत्या दिवसांवरून ठरत नाही. कॉर्न किंवा किंग स्नेक भक्ष्य खाल्ल्यावर साधारण आठवड्याभरात विष्ठा टाकतात, जड अंगाचे पायथन आणि बोआ कित्येक आठवडे घेतात. व्हेंटच्या आधीचा भाग फुगलाय, बोटांना कडक लागतोय आणि साप शेपूट उचलून जोर लावतोय, हे दिसलं तर बद्धकोष्ठ समजा. खायला देणं बंद करा. झाकणाच्या डब्यात 28 ते 30 अंशांचं पाणी, सापाच्या शरीराच्या निम्म्या उंचीपर्यंत, 20 ते 30 मिनिटं, रोज एकदा. साप एकटा सोडून जाऊ नका. त्यानंतर दहा मिनिटं त्याला हातांवरून सरपटू द्या. चालण्याने आतडं हलतं. पोट दाबून विष्ठा पुढे सरकवायला जाऊ नका, आतडं फाटण्याची भीती असते. तीन-चार दिवसांत काही झालं नाही, किंवा साप उलटी करू लागला, तर डॉक्टर. पॅराफिन तेल वगैरे तोंडातून पाजलं आणि ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

जास्त खायला घालणं हे दुसरं मोठं कारण. पूर्ण वाढलेल्या सापाला दर आठवड्याला मोठा उंदीर लागत नाही. प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरतं, प्रौढ कॉर्नला दहा-चौदा दिवसांतून. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, त्याहून फार मोठी नको. शेपटीच्या आधी शरीर फुगीर, शेपटी एकदम बारीक, वळल्यावर खवल्यांमधली कातडी दिसते, अशी लठ्ठपणाची खूण दिसली तर भक्ष्याचा आकार कमी करा आणि अंतर वाढवा.

जंत आणि अमिबा. विष्ठेत रक्त, शेंबडासारखा स्राव, फार घाण वास आणि सतत कुंथणं असेल तर एन्टामिबा इन्व्हाडेन्सचा विचार डॉक्टर करतात. हा अमिबा कासवांच्या पोटात काही त्रास न देता राहतो आणि सापाच्या आतड्याला भयंकर सूज आणतो. म्हणून कासव आणि साप एका टाकीत नाहीत, एकाचं पाण्याचं भांडं दुसऱ्याला नाही. नवीन साप आणला की त्याला किमान 60 ते 90 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यांनी सांभाळा आणि त्या काळात विष्ठा दोनदा तपासून घ्या. अंदाजाने जंताचं औषध देऊ नका. एकाच औषधाने सगळे परजीवी मरत नाहीत आणि चुकीचा डोस सापाला मारतो.

अंडी अडकणं. कॉर्न स्नेक अंड्यांआधीची कात टाकल्यावर साधारण 10 ते 14 दिवसांत अंडी घालते, बॉल पायथन सुमारे 30 दिवसांत. या तारखा लिहून ठेवल्या नसतील तर उशीर झालाय हे कळणारच नाही. मादीने काही अंडी घातली आणि मग थांबली, व्हेंटच्या आधी एखादी गाठ तशीच आहे आणि 24 ते 48 तास गेले, तर डॉक्टर. बोटांनी अंडं पुढे सरकवायचा मोह टाळा: अंडनलिकेचा प्रोलॅप्स आणि तिचं फाटणं, दोन्ही यातूनच घडतात. अडकण्याची कारणं बरीच: खूप लहान वयात किंवा कमी वजनावर मिलन, लठ्ठपणा, कॅल्शियमची कमतरता, वाकडंतिकडं किंवा फार मोठं अंडं आणि अंडी घालायला योग्य जागाच नसणं. ओलसर मॉस भरलेला, मादीला वेटोळं घालून बसता येईल एवढा डबा अंड्यांआधीची कात पडल्याबरोबर ठेवा.

नरांमध्ये हेमिपेनिस बाहेर राहण्यामागे पुष्कळदा माणसाचा हात असतो. मिलन चालू असताना जोडी ओढून वेगळी करणं, पिल्लांचं लिंग बघायला शेपटीचं मूळ दाबून हेमिपेनिस बाहेर काढणं, चुकीच्या जाडीचा प्रोब जोराने घालणं. लिंग कळण्याची घाई नसेल तर प्रोब करूच नका. लागोपाठ माद्यांबरोबर सोडलेल्या नराला मध्ये विश्रांती द्या.

व्हेंटजवळची प्रत्येक सूज प्रोलॅप्स नसते. शेपटीच्या मुळाशी एका बाजूला टणक, हळूहळू वाढणारी गाठ असेल तर गंधग्रंथी तुंबलेली असू शकते. त्या नर-मादी दोघांतही असतात. सापाचा पू घट्ट असतो, दाबून निघत नाही, कापूनच काढावा लागतो. आणि कात टाकल्यावर व्हेंटच्या कडेला किंवा शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं राहिलं का ते दर वेळी बघा. तिथे आवळत गेलेलं कडं रक्तपुरवठा तोडतं. ओल्या उबदार टॉवेलमध्ये अर्धा तास ठेवून ते सोडवा.

घरी आणल्यावर

टाकी रिकामी करून पांढरे टिश्यू अंथरा, रोज बदला. पांढऱ्यावर रक्ताचा ठिपका, युरेट, स्राव लगेच दिसतो. लपायला जागा द्या. सतत अस्वस्थ साप जास्त हालचाल करतो आणि टाके ताणले जातात. पोटावर शस्त्रक्रियेची जखम असेल तर पाण्याचं भांडं इतकं लहान ठेवा की साप त्यात बसू शकणार नाही, पण पाणी मात्र कायम भरलेलं असू द्या. डॉक्टर सांगत नाहीत तोवर आंघोळ नाही.

तापमान नेहमीच्या योग्य मर्यादेतच ठेवा, थंड नको. जखम भरण्यासाठी आणि औषध नीट काम करण्यासाठी सापाला ऊब लागते.

दिवसातून दोनदा व्हेंट बघा. थोडी सूज आणि लाली पहिले काही दिवस राहते. सूज वाढत गेली, टाक्यांमधून मांस डोकावलं, वास आला, युरेट आठ-दहा दिवस अजिबात दिसला नाही आणि पोट फुगलं, तर लगेच फोन करा. टाके किती दिवसांनी काढायचे हे डॉक्टर ठरवतात. व्हेंटचे टाके पुष्कळदा दोन ते चार आठवड्यांत निघतात. पोटावरचे मात्र जास्त दिवस राहतात, कारण सापाची कातडी हळू भरते.

खायला घालण्यात लोक नेहमी घाई करतात. हेमिपेनिस शस्त्रक्रियेशिवाय आत गेला असेल तर 10 ते 14 दिवस थांबा. व्हेंटला टाके असतील तर ते निघेपर्यंत, आणि आतड्यावर शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगतील तोवर. चांगल्या वजनाचा प्रौढ साप काही आठवडे उपाशी सहज राहतो. पिल्लांना तेवढी मुभा नाही, त्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

पहिलं भक्ष्य नेहमीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, बिनकेसांचं किंवा कमी केसांचं पिल्लू. केस पचत नाहीत आणि विष्ठेचा जाडपणा वाढवतात. भक्ष्य देण्याआधी पाण्यात बुडवून ओलं द्या, तेवढंच पाणी पोटात जातं. त्याची विष्ठा नीट बाहेर पडेपर्यंत दुसरं भक्ष्य नाही. दुसरं निम्म्या आकाराचं, तिसऱ्या-चौथ्या वेळी हळूहळू नेहमीचं. खाल्ल्यावर 48 तास हाताळू नका. उलटी झाली तर दोन आठवडे थांबून पुन्हा सर्वांत लहान भक्ष्यापासून सुरुवात.

दर आठवड्याला त्याच वाराला, एक ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर वजन करा आणि वहीत वजन, भक्ष्य, विष्ठा, कात या चार रकान्यांत नोंद ठेवा. सूज उतरलेली, विष्ठा नियमित, तरी वजन सतत घसरतंय, तर आत काहीतरी शिल्लक आहे. रक्ततपासणी आणि पुन्हा सोनोग्राफी सांगा. प्रोलॅप्स झालेल्या मादीला त्या हंगामात मिलनासाठी सोडू नका आणि पुढच्या हंगामात सोडण्याआधी सोनोग्राफी करून घ्या. अंग दुसऱ्यांदा बाहेर आलं तर नुसतं आत घालून टाके मारण्यावर समाधान मानू नका. आतडं किंवा क्लोएका आतून शरीराच्या भिंतीला टाचून टाकण्याची शस्त्रक्रिया करता येते का, हे त्याच भेटीत विचारा.